एचपीव्ही लस आणि पालकांचे ‘बघू, घरी विचारून सांगतो’

प्रश्न : आमच्या शाळेत पाचवी ते दहावीच्या मुली आहेत. पालकसभेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचा, म्हणजे एचपीव्ही लसीचा, विषय काढला तेव्हा बहुतेकांनी हे नाव प्रथमच ऐकले होते. ज्यांनी ऐकले होते त्यांपैकी काहींनी ‘एवढ्या लहान वयात कशाला’ म्हणून विषय तोडला. एका वडिलांनी ‘या लसीने पूर्वी मुली दगावल्या होत्या’ असे सांगितले आणि त्यानंतर कोणी बोललेच नाही. पालकांना काय सांगावे, आणि शाळेने यात कितपत पडावे? (एक मुख्याध्यापिका, धाराशिव जिल्हा)

उत्तर :

मॅडम, आपल्या एकाच सभेत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. काहींना माहिती नव्हती, काहींना वयाचा संकोच वाटला आणि एकाला जुन्या घटनेची भीती होती. या तिन्हींना ‘जनजागृती’ हे एकच उत्तर दिले जाते, म्हणूनच ते पुरे पडत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षे काम करते आणि या लसीविषयी पालकांशी रोज बोलते. ठाम विरोध करणारे पालक मला फार थोडे भेटतात. सर्वांत मोठा गट ‘बघू, घरी विचारून सांगतो’ म्हणून उठणाऱ्यांचा आहे आणि त्यांतले बरेचसे परत त्या विषयावर येत नाहीत. त्यांचे मत विरोधात नसते. त्यांच्यासमोर हा निर्णय नीट मांडलेलाच नसतो. आपला बहुतेक वेळ या गटासाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

आधी माहितीविषयी. आपल्याकडच्या आयांना हा रोग माहीत नसतो असे नाही. त्यांना तो ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणून माहीत असतो. गावात कोणीतरी या रोगाने गेलेली असते. तो एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) नावाच्या एका विषाणूमुळे होतो, तो विषाणू ओळखता येतो आणि त्यावर लस आहे, ही साखळी मात्र त्यांना कोणी जोडून दाखवलेली नसते. याचे कारण सोपे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती. ज्या आईची स्वतःची तपासणी कोणी केली नाही, तिला मुलीच्या लसीचे महत्त्व कुठून कळणार? दुसरीकडे २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला.

आपला जिल्हा या विषयात जगाला ठाऊक आहे, हे पालकांना आवर्जून सांगा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ ते २००३ या काळात टाटा मेमोरियल केंद्र आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तपासणी कार्यक्रमांनी तो आधार म्हणून वापरला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांची तपासणी केली नाही यावरून त्या अभ्यासावर पुढे टीकाही झाली आणि ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. तरीही आपल्या विद्यार्थिनींपैकी काहींच्या आज्या त्या अभ्यासात असू शकतील. ‘परदेशातून आलेली लस’ असे म्हणणाऱ्या पालकांना हा आजार आणि त्यावरचे संशोधन आपल्याच शिवारातले आहे हे कळले, की त्यांचा ऐकण्याचा सूर बदलतो.

मराठवाड्यात बोलताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, आणि ती शहरी तज्ज्ञांच्या भाषणांत सहसा येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीने पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले होते. ज्या घरात हे घडले, त्या घरात ‘मुलीला कॅन्सर होऊ नये म्हणून सुई देऊ’ असे डॉक्टर म्हणतो तेव्हा आजी संशयाने पाहते. तिचा संशय अडाणीपणातून आलेला नसतो. म्हणून मी बोलण्याची सुरुवात कर्करोगाच्या भीतीने करत नाही. भीती घालून मिळवलेला होकार पुढच्या डोसपर्यंत टिकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अभिनेत्रीने याच रोगाने स्वतःचा मृत्यू झाल्याची खोटी बातमी ‘जागृतीसाठी’ पसरवली होती. आठवडाभर माझ्याकडे खूप जणांनी चौकशी केली, पण त्या चौकशीतला निम्मा भाग ‘हे सगळेच खोटे आहे का’ असा होता.

आता वयाचा प्रश्न, जो माझ्या अनुभवात सर्वांत कळीचा आहे. ‘अजून तिची पाळीही आली नाही’, ‘लग्नाला वेळ आहे’, ‘बारावी होऊ दे’ ही वाक्ये वेगवेगळी असली तरी त्यांमागचा विचार एकच असतो : हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, तेव्हा आत्ताच लस देणे म्हणजे मुलीविषयी काहीतरी वावगे गृहीत धरणे. पालक हे उघड बोलत नाहीत आणि डॉक्टरही संकोचाने ‘कॅन्सरची लस आहे, देऊन टाका’ एवढ्यावर भागवतात. त्या टाळाटाळीतून पालकांना जे कळायचे ते कळते. त्यापेक्षा सरळ सांगावे. लस विषाणू शरीरात येण्यापूर्वी द्यायची असते; एकदा जडलेला संसर्ग ती बरा करत नाही. संबंध लग्नानंतरच येणार असे धरले तरी लस त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी दिलेली चालते, कारण तिचे संरक्षण दीर्घकाळ टिकते. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर लसीला इतका जोरदार प्रतिसाद देते, की मोठ्या वयात ज्यासाठी तीन डोस लागतात ते काम या वयात कमी डोसांत होते. पाळी आली की नाही याचा लसीशी काहीही संबंध नाही.

येथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. म्हणजे ‘लग्न ठरल्यावर देऊ’ म्हणणाऱ्या कित्येक घरांत ती वेळ अठराच्याही आत येते. लग्नाच्या धांदलीत सहा महिन्यांत द्यायचे सगळे डोस पूर्ण होत नाहीत. माझ्याकडे पहिला डोस घेऊन सासरी गेलेल्या मुली आहेत. लस दिली म्हणून मुली स्वैर वागतील, ही शंका पालकांइतकीच अनेक देशांतील संशोधकांनाही पडली होती. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींच्या वागण्यात त्यांना तसा फरक आढळला नाही. मी पालकांना हे सांगते, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. धनुर्वाताची सुई दिली म्हणून कोणी पोर मुद्दाम गंजलेल्या खिळ्यावर पाय देत नाही, एवढे म्हटले की बहुतेक आया हसतात आणि विषय पुढे सरकतो.

ज्या वडिलांनी मुली दगावल्याचे सांगितले, त्यांना गप्प बसवू नका. ते पूर्णपणे चुकीचे बोलत नव्हते. त्यांना अर्धी गोष्ट माहीत होती. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या साहाय्याने शाळकरी मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प राबवला. त्या काळात लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंची कारणे पाण्यात बुडणे, सर्पदंश, कीटकनाशकाचे प्राशन, तापाचे आजार अशी निघाली आणि लसीशी त्यांचा संबंध आढळला नाही. हजारो मुलींवर काही महिने लक्ष ठेवले, तर लस दिलेली असो वा नसो, दुर्दैवाने त्यांतल्या काहींचा असा मृत्यू होतोच. प्रश्न त्याचे कारण काय हा असतो.

पण त्या प्रकरणाची दुसरी बाजूही पालकांसमोर ठेवली पाहिजे, आणि ती लपवणारे डॉक्टर लसीचेच नुकसान करतात असे मला वाटते. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मधील अहवालात प्रकल्पाच्या संमतीच्या पद्धतीवर अत्यंत कडक ताशेरे ओढले. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर केवळ अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. मुलींचे पालक दूर पाड्यांवर होते आणि त्यांना काय चालले आहे हे ठाऊकच नव्हते. लस निर्दोष ठरली, पण ती देण्याची रीत निर्दोष ठरली नाही. भारतात ही लस २००८ पासून उपलब्ध असूनही पुढची अनेक वर्षे ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात येऊ शकली नाही, त्यामागे किमतीबरोबरच या गमावलेल्या विश्वासाचाही मोठा वाटा आहे.

याच घटनेला एक विलक्षण जोड आहे. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा एक वेगळा अभ्यास देशात नऊ ठिकाणी चालू होता आणि त्यांत मुंबई, पुणे व बार्शी ही केंद्रे होती. १० ते १८ वयाच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे त्यातून पाहायचे होते. खम्ममचा वाद पेटल्यावर सरकारने देशातील सर्वच अभ्यासांतील लसीकरण थांबवले. तोवर सुमारे १७,७०० मुलींना लस मिळाली होती आणि त्यांतल्या सुमारे ५ हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी, त्यांत डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन प्रमुख होते, या मुलींना सोडून दिले नाही. वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा एकच डोस मिळालेल्या मुलींतही विषाणूच्या १६ आणि १८ या दोन सर्वांत घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसले. दोन किंवा तीन डोसांच्या गटांपेक्षा ते कमी नव्हते. केनियातील स्वतंत्र चाचणीतही असाच निष्कर्ष निघाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक किंवा दोन डोस पुरेसे असल्याची भूमिका घेतली. ज्या गोंधळाने लस अडली त्याच गोंधळाने ती जगभर स्वस्त आणि सोपी झाली, आणि त्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत बार्शी परिसरातील मुलीही आहेत. त्या वडिलांना ही पूर्ण गोष्ट सांगा. माझ्या अनुभवात अशी शंका काढणारा माणूसच, समाधान झाले तर, गावात सर्वांत खात्रीने बोलतो.

एका डोसाच्या या माहितीमुळे पालकांचा एक नवा गोंधळ उडतो, तो आधीच दूर करावा. आपल्याकडे लसीच्या परवान्यानुसार ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि १५ व्या वर्षापासून पुढे तीन डोस सांगितलेले आहेत. खासगी दवाखान्यात डॉक्टर त्याप्रमाणे देतात. सार्वजनिक कार्यक्रम मात्र जागतिक संघटनेच्या भूमिकेनुसार एका डोसाचा असू शकतो. दवाखान्यातला डॉक्टर ‘पैशांसाठी’ जास्त डोस देतो किंवा सरकार ‘अर्धवट’ लस देते, असे दोन्ही समज मी ऐकले आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. ज्या मुलीची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झालेली आहे, तिला मात्र एक डोस पुरेसा मानू नये. तिचे वेळापत्रक तिच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

लसीचा उपयोग खरोखर होतो का, या प्रश्नाचे उत्तर आता अंदाजाने द्यावे लागत नाही. या रोगाला संसर्गापासून कर्करोगापर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात, त्यामुळे पहिली काही वर्षे केवळ संसर्ग आणि पूर्वावस्था (कर्करोग होण्याआधीचे पेशींतील बदल) कमी झाल्याचे पुरावे होते. आता कर्करोगाचेच आकडे आले आहेत. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला, इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत ८७ टक्क्यांनी. आणि स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या गटात २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत या कर्करोगाची एकही रुग्ण सापडली नव्हती. घट सर्वांत जास्त कुठे दिसते, तर ज्यांना लहान वयात लस मिळाली त्यांच्यात. ‘एवढ्या लहान वयात कशाला’ या शंकेला याहून नेमके उत्तर माझ्याकडे नाही.

सुरक्षिततेविषयी पालक दोन गोष्टी विचारतात. पहिली, लसीतूनच विषाणू लागणार नाही ना? नाही, लसीत विषाणूच्या बाहेरच्या कवचातील प्रथिनाची प्रतिकृती असते, त्यात विषाणूचा जनुकीय भाग नसतो, त्यामुळे तिच्यातून संसर्ग होणे शक्यच नाही. दुसरी, ‘पुढे मूल होत नाही म्हणे’. ही अफवा नवी नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळीही व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दशः हीच फिरत होती आणि त्याआधी पोलिओच्या थेंबांबद्दल फिरत होती. अनेक देशांतील मोठ्या नोंदींतून तपासणी झाली आहे आणि लसीमुळे वंध्यत्व येते असे आढळलेले नाही. याउलट गर्भाशयमुखाच्या पूर्वावस्थेवर करावे लागणारे उपचार मात्र पुढच्या गरोदरपणात मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढवू शकतात, आणि लस ते उपचार टाळते. दंड दुखणे, किंचित सूज, एखादा दिवस कणकण हे होते आणि ते आधीच सांगावे. तीव्र अ‍ॅलर्जी लाखो डोसांत एखादी अशी दुर्मीळ असते. पूर्वीच्या डोसाला तशी प्रतिक्रिया आलेल्या मुलीला पुढचा डोस देत नाहीत. ताप असेल तर काही दिवस थांबावे.

विश्वास एकदा ढळला की काय होते, हे जपानने पाहिले आहे. तिथे २०१३ मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर सरकारने लसीची शिफारस मागे घेतली आणि सुमारे ७० टक्के असलेले लसीकरण एक टक्क्याखाली आले. शिफारस पूर्ववत व्हायला २०२२ उजाडले, आणि मधल्या काळातल्या मुली आता वयाने पुढे गेल्या आहेत. आपल्याच देशात मात्र उलट उदाहरणही आहे. सिक्कीमने २०१८ मध्ये ९ ते १४ वयाच्या सर्व मुलींना शाळांतून लस दिली आणि ९५ टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोचली. तिथल्या पालकांना सभा, शिक्षक, स्थानिक डॉक्टर आणि वृत्तपत्रे यांतून आधी माहिती मिळाली होती. सुई नंतर आली.

खर्चाचे बोलायचे तर, घरात मुलीच्या लसीचा विषय आई काढते आणि पैशांचा निर्णय बहुधा वडील घेतात, म्हणून सभेला वडिलांना बोलावण्याचा विशेष प्रयत्न करा. परदेशी लसींच्या किमतीमुळे हा विषय पूर्वी पगारदार घरांपुरताच राहिला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये ती खासगी दवाखान्यांत एका डोसला सुमारे २ हजार रुपये या दराने आली. ती विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. नऊ प्रकारांवरची परदेशी लस तिच्या कितीतरी पट महाग आहे. ‘महागडी तीच चांगली’ असे समजून लस लांबणीवर टाकणारे पालक मला भेटतात. त्यांना मी सांगते, की जगात या रोगाच्या दहांपैकी सात रुग्णांमागे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात आणि आपल्याकडे त्यांचे प्रमाण त्याहून जास्त आहे. परवडणारी लस वेळेवर देणे हे महागड्या लसीसाठी दोन वर्षे थांबण्यापेक्षा केव्हाही बरे. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात घेण्याची शिफारस तज्ज्ञ गटाने २०२२ मध्ये केली आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे जाहीर झाले. सभेच्या आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून मोफत लस सध्या कोणत्या वयाला आणि कधी मिळते हे लेखी विचारून घ्या, म्हणजे पालकांना ऐकीव उत्तर द्यावे लागणार नाही.

मुलग्यांविषयीही कोणीतरी विचारेलच. हा विषाणू पुरुषांतही जननेंद्रियावरील चामखीळ, गुदद्वाराचा आणि घशाचा कर्करोग असे आजार करतो आणि ‘सर्व्हाव्हॅक’ला मुलग्यांसाठीही परवाना आहे. ज्यांना परवडते त्यांनी जरूर द्यावी. सार्वजनिक पैसा मर्यादित असताना आधी मुलींना, हे धोरण मला योग्य वाटते. मात्र मुलग्याला लस दिली म्हणजे गुटख्याने होणारा तोंडाचा कर्करोग टळला, असा समज होऊ देऊ नये. आपल्याकडे त्याचे मुख्य कारण तंबाखूच आहे.

शाळेने कितपत पडावे, या आपल्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : माहिती द्यायला पूर्ण पडावे, संमती द्यायला अजिबात पडू नये. कोणत्याही विद्यार्थिनीच्या संमतिपत्रावर आपण, वर्गशिक्षिकेने किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सही करू नये, मग पालक कितीही दूर ऊसतोडीला गेलेले असोत. अशा मुलींसाठी पालक गावी परततात तेव्हाची तारीख धरावी. संमतिपत्र साध्या मराठीत असावे, त्यावर ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन्ही रकाने असावेत, ते निदान दोन-तीन दिवस घरी राहावे आणि शंका विचारायला आरोग्य केंद्रातील जबाबदार व्यक्तीचा क्रमांक त्यावर असावा. मुलींशीही बोला. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला ‘ही लस कशाची’ हे समजते आणि तिला न सांगता दंड पुढे करायला लावणे मला अयोग्य वाटते. विज्ञानाच्या शिक्षिका किंवा आरोग्य सेविका हे काम चांगले करतात.

प्रत्यक्ष दिवसाची एक सूचना, कारण अफवा बहुतेकदा इथेच जन्मतात. या वयाच्या मुलींना सुईच्या भीतीने भोवळ येते आणि एकीला आली की रांगेत तिला पाहणाऱ्या आणखी तिघी-चौघींना येते. ते लसीचे विष नसते, पण दुपारपर्यंत गावात ‘शाळेत पोरी पडल्या’ अशी बातमी होते. म्हणून मुलींना उपाशीपोटी आणू नये, रांग लसीच्या खोलीच्या बाहेर ठेवावी, सुई बसवून द्यावी आणि त्यानंतर पंधरा मिनिटे दुसऱ्या खोलीत बसवून ठेवावे. एक-दोन आयांना त्या खोलीत बसायला बोलावले तर फारच चांगले.

ज्या दिवशी मुलीची लस होईल, त्या दिवशी आईला तिच्या स्वतःच्या तपासणीची चिठ्ठीही मिळावी, अशी व्यवस्था आरोग्य केंद्राशी बोलून करता येते. तिशीनंतरच्या स्त्रीला लसीपेक्षा तपासणीची गरज जास्त आहे. आणि लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायचीच असते, कारण लस सर्व प्रकारांवर चालत नाही.

राहता राहिले नकार देणारे पालक. त्यांच्या मुलींची वेगळी यादी भिंतीवर लावू नका, वर्गात त्यांचा उल्लेख नको आणि पुन्हा पुन्हा बोलावणेही नको. ‘नाही’चे पत्र नोंदून घ्या आणि पुढच्या वर्षी, शक्यतो टीडीच्या लसीच्या वेळी, एकदा पुन्हा विचारा. धनुर्वात-घटसर्पाची ही टीडी लस १० व्या आणि १६ व्या वर्षी द्यायची असते, म्हणजे पालक तेव्हा लसीच्या विचारात असतातच. ज्या मुली पंधरा पूर्ण होण्याच्या जवळ आहेत, त्यांच्या पालकांना मात्र तारीख सांगून ठेवा. खासगीत लस घ्यायची झाल्यास त्या वाढदिवसानंतर दोनऐवजी तीन डोस आणि त्याप्रमाणे खर्च लागतो, हे त्यांना नंतर कळले तर ते आपल्यालाच विचारतील की आधी का सांगितले नाही.